तिसऱ्या प्रकरणातली शांतता

थेस्सालोनिकी,
११ जून

प्रिय आगोरित्साताई,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. खुब्याचं हाड जुळतंय आणि तुम्ही खोलीतल्या खोलीत चालू लागलात हे वाचून बरं वाटलं. तुमच्या लेकीनं खाली दोन ओळी लिहिल्यात, त्यात तक्रार आहे की आई काठी घेत नाही. ताई, स्टुटगार्टमध्ये तुम्हाला ओळखतं कोण, की काठीची लाज वाटावी? मुकाट्यानं घ्या. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायला आवडत नाही, म्हणून हे कागदावर सांगावं लागतं. कागदावर मी आणखीच कडक वाटते असं तुमचा भाऊ म्हणायचा. वाटत असेन.

इथं सगळं ठीक. उकाडा यंदा लवकर सुरू झाला. गुडघा दुखतो, पण बसून करायच्या कामाला गुडघा लागत नाही. खालच्या मजल्यावरची फ्रोसो रोज सकाळी काहीतरी घेऊन वर येते, कधी भाजी भरून भाजलेली पिटा, कधी चेरी, आणि बशी परत न्यायच्या निमित्तानं बसून राहते. शेवटी मी दारावर चिठ्ठी लावली, 'मी घरात आहे, पण भेटणार नाही.' तिनं बेल वाजवून विचारलं, "ही चिठ्ठी माझ्यासाठी आहे का?" मी म्हटलं, "होय." "बरं झालं विचारलं," ती म्हणाली, "मला वाटलं सगळ्यांसाठी असेल," आणि आत येऊन बसली.

तुम्ही प्रबंधाचं विचारलंत. सप्टेंबरअखेर तो विद्यापीठात द्यायचा आहे. मुदत वाढवून झाली, पुन्हा वाढवून झाली, आता वाढणार नाही. नाही दिला तर माझं नाव कमी करतील आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासूनची सगळी वर्षं वाया जातील. चार प्रकरणं तयार आहेत. उपसंहार तेवढा राहिलाय.

"अजून तोच साधू का?" असं तुम्ही लिहिलंय. होय, तोच. पार्थेनिओस. तुर्कांच्या काळात तुमच्याच डोंगरांतून गावोगाव प्रवचनं करत हिंडलेला. त्याचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं आहे आणि ते वाचून वाचून माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. तो लोकांना बजावायचा की थडगं उघडल्यावर माणूस मातीत न जिरलेला निघाला तर तो शापित असतो, ही समजूत साफ खोटी आहे. माती चिकण असेल, पाणी साचत असेल, दुसरं काही नाही. हे तो इतकं स्वच्छ सांगतो की मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्याच प्रवचनांत तो एक जुनी रीत तशीच ठेवतो. माणूस तसाच निघाला तर जमलेल्या प्रत्येकानं मूठभर माती टाकून 'माझ्याकडून माफ' म्हणायचं. आता शापच नाही तर माफी कशासाठी? याचं उत्तर मला सापडत नाही आणि त्यावाचून उपसंहार होत नाही.

माझा मार्गदर्शक देलीवासीस तुम्हाला आठवत असेल. शाळेत माझ्या वर्गात होता, परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिताना मी पकडलेला. आता प्राध्यापक आहे आणि त्याचं टक्कल माझ्या गॅलरीतल्या फरशीसारखं चकाकतं, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या टोकावर बसतो. मागच्या आठवड्यात गेले होते.

"बाई, उपसंहार?" तो म्हणाला.

"येतोय."

"गेल्या नाताळातही येतच होता. पायी निघालाय का?"

"तू माझ्याशी असं बोलायला लागलास?"

"नाही बाई. म्हणजे, मुदतीमुळे विचारलं." मग त्यानं पुन्हा तिसऱ्या प्रकरणाची स्तुती केली. ते सगळ्यांत चांगलं उतरलंय, त्याच जोरात उपसंहार लिहा, म्हणाला. मी कागद पिशवीत घातले आणि उठले.

आता तुम्ही शेवटी जे लिहिलंय त्याबद्दल. तुमच्या भावाला पुरून तीन वर्षं होऊन गेली, रीतीप्रमाणे स्तेर्गिओसला आता थडग्यातून बाहेर काढायला हवं, हाडं वाइननं धुऊन पेटीत घालून अस्थिघरात ठेवायला हवीत, गावच्या दफनभूमीत जागा उरली नाही आणि पापालाझारोस दोनदा विचारून गेले, हे सगळं मला माहीत आहे. धर्मगुरू म्हणून विचारणं त्यांचं कामच आहे. त्याला स्वतःच्या हातानं धुवायचं तुमच्या मनात होतं, आणि या खुब्यानं ते तुम्हाला जमणार नाही असं वाटून तुम्ही मला करायला सांगताय. 'माझी वाट बघू नकोस, मी काही आता परत येत नाही,' हे वाक्य मला आवडलेलं नाही. ते मी वाचलं नाही असं समजा.

आधी प्रबंध, मग बाकीचं. मी शाळेतही मुलांना हेच सांगायचे, एका वेळी एक काम.

फळं खा. जर्मन डॉक्टर देतात ती सगळी औषधं घ्या.

आपली,
एवांथिया


थेस्सालोनिकी,
२१ ऑगस्ट

प्रिय आगोरित्साताई,

नमस्कार. मरियेच्या सणाच्या दिवशी तुमचं पत्र आलं. उत्तर लगेच लिहिलं होतं, ते फाडून टाकलं. हे दुसरं आहे आणि जरा थंड डोक्यानं लिहितेय.

तुम्ही काठी घेतलीत हे चांगलं केलंत. इथं शहर रिकामं झालंय, जो तो समुद्राकडे गेलाय. फ्रोसोही लेकाकडे गेली आणि मला तिची आठवण येते, हे तिला कधी सांगू नका. शांतता भरपूर आहे. रोज सकाळी कॉफी करून टेबलाशी बसते. उन्हाळाभरात एक परिच्छेद लिहिला आणि काल तो खोडला.

तुम्ही रागावून लिहिलंत, 'असं कसलं पुस्तक, ज्यासाठी माणसानं चिखलात ताटकळत पडावं?' ते ठीक आहे. रागावण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण त्याखाली तुम्ही लिहिलंत, 'त्यालाही हेच हवं होतं, तू ते पुरं करावंस.'

हे वाक्य तुम्ही लिहायला नको होतं.

तीन वर्षं मी तुम्हाला प्रकृती, हवा आणि सणवार कळवत आले. तुम्हीही तेवढंच कळवत आलात. आपण दोघी फार नीट वागलो. आता तुम्हीच विषय काढलात, तर मी लिहिते.

त्या शेवटच्या हिवाळ्यात स्तेर्गिओस सारखा गावाला तुमच्याकडे जायला लागला. अक्रोडांची छाटणी आहे. ताईचं छप्पर गळतंय. ताईचं विहिरीचं काहीतरी आहे. मी त्याची पिशवी भरून द्यायचे, वर छाटणीची कात्री ठेवायचे, आणि तो ती तुमच्या ओट्यावर ठेवून यानिनाच्या इस्पितळात जाऊन केमोच्या सलाइनखाली पडायचा. तुम्ही त्याला तिकडून आणायचात, मागच्या खोलीत झोपवायचात, उलट्या काढायचात. मग अंगात जरा बळ आलं की तो अक्रोडांची पिशवी घेऊन बसनं घरी यायचा.

तो बारीक होत चालला होता. मी आंधळी नव्हते. एकदा विचारलंही, "ताई तुला जेवायला घालत नाहीत का?"

"तिच्या पिटात हल्ली मीठच नसतं," तो म्हणाला. "म्हातारी झाली."

मला ते पटलं. तुमच्या पिटाविषयी असं कुणी बोललं तर एरवी मला पटलं नसतं, पण मला तेव्हा पटवून घ्यायचं होतं. कारण त्याच्यामागे दार लागलं की घरात जी शांतता व्हायची, ती मला आवडायची. खोटं कशाला लिहू? तो घरात असला की रेडिओ, दारात उभं राहून शेजाऱ्याशी गप्पा, "एवांथिया, माझा चष्मा पाहिलास का?" आणि चष्मा त्याच्या कपाळावर. तो नसला की मी सकाळी बसले की भूक लागेपर्यंत उठत नसे. तिसरं प्रकरण मी त्या शांततेत लिहिलं. देलीवासीस त्याची स्तुती करतो तेव्हा मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटते, आणि बिचाऱ्याला कारण माहीत नाही.

मला कळलं तेव्हा उरलं काय होतं? एक पलंग आणि थोडे दिवस. मी विचारलं, का नाही सांगितलंस. तो म्हणाला, "आपल्या मुलांसाठी तू एकदा शिकणं सोडलं होतंस. आता माझ्यासाठी सोडलं असतंस." मग म्हणाला, "ताईला विचार, तीही हेच म्हणाली."

होय, मी सोडलं असतं. कदाचित वर्षभरासाठी, कदाचित कायमचं. पण ते मी ठरवलं असतं, ताई. माझा नवरा मरत असताना मी टेबलाशी बसायचं की त्याच्या उशाशी, हे तुम्ही बहीणभावांनी माझ्या पाठीमागं ठरवून टाकलंत. माझ्या भल्यासाठी. शाळेत मी बत्तीस वर्षं मुलांच्या भल्यासाठी गोष्टी ठरवल्या, पण निदान त्यांच्यासमोर उभं राहून ठरवल्या.

आता माझी अडचण बघा. प्रबंध पुरा केला तर तुम्हा दोघांनी केलं ते बरोबर ठरतं. नाही केला तर त्यानं एकट्यानं जे सोसलं ते फुकट जातं. दोन्ही मला चालत नाही. लोकांना वाटतं की या वयात डोकं चालत नाही म्हणून मी अडलेय. डोकं चांगलं चालतं.

आणि थडग्याचंही खरं कारण सांगून टाकते. प्रबंधामुळे मी ते पुढं ढकलत नव्हते. त्याच्या अंगात इतकी औषधं गेली आहेत, आणि अशी माणसं मातीत लवकर जिरत नाहीत, हे हल्ली सगळीकडे दिसतं. तो तसाच निघाला तर गाव काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. कुणीतरी याच्यावर राग धरून आहे, म्हणून हा सुटत नाही. मी त्यांना खडसावून सांगेन की हा अडाणीपणा आहे, यावर मी तीनशे पानं लिहिली आहेत. आणि ताई, या एका वेळी त्यांचंच खरं असेल. राग धरून कुणीतरी आहे, आणि ते कोण आहे हे मला आणि तुम्हाला माहीत आहे.

तरी जाते. टेबलाशी बसून काही होत नाही हे आता मला कळलंय. पापालाझारोसना कळवलं आहे, सप्टेंबरात क्रूसाच्या सणानंतरचा शनिवार ठरलाय. जे होईल ते सगळं तुम्हाला लिहीन, गावकऱ्यांकडून तिखटमीठ लावलेलं कानावर येण्याआधी. तुम्हाला सांभाळून घेणारं पत्र मी लिहिणार नाही. तुम्हीही मला पुन्हा तसं काही करू नका.

एवांथिया


थेस्सालोनिकी,
३ ऑक्टोबर

प्रिय आगोरित्साताई,

नमस्कार. तुमचं सप्टेंबरचं छोटं पत्र मी गावाला निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. ते बरोबर घेऊन गेले होते. त्याचं उत्तर शेवटी देईन, आधी ठरल्याप्रमाणे सगळं सांगते.

शुक्रवारी ग्रेवेनापर्यंत बसनं गेले, तिथून लियाकोस त्याच्या गाडीतून न्यायला आला. लियाकोस आता कॅफेही चालवतो आणि दफनभूमीत खणायचं कामही तोच करतो. वाटेत म्हणाला, "काळजी करू नका वहिनी, कॉफी करायच्या आधी मी हात धुतो." तुमच्या घरी उतरले. घर कोरडं आहे, छप्पर गळत नाही. ते कधीच गळत नव्हतं हे मला आता माहीत आहे, तरी जाऊन बघितलं.

कोंदिलो भिंतीपलीकडून आली आणि आम्ही दोघींनी मृताच्या नावानं वाटायच्या कोलिवाचे गहू उकडले. गहू सुकायला पांढऱ्या चादरीवर पसरले, सकाळी साखर, बेदाणे, तुमच्याच झाडाचे अक्रोड घातले. डाळिंब गावात अजून पिकलेलं नव्हतं, म्हणून दाण्यांशिवायच. कोंदिलो सारखी बोलत होती आणि मी तिला गप्प करत नव्हते, यावरून तिला वाटलं असेल की मला बरं नाही.

गहू पसरता पसरता ती म्हणाली, "त्याच्या खोलीत सूप मीच नेऊन द्यायचे. आगोरित्सा दमून जायची ना. तो तुमचंच बोलायचा."

"काय बोलायचा?"

"म्हणायचा, बायको तिसऱ्या प्रकरणात अडकलीय. एकदा म्हणाला, आता सुटत आलीय, पण त्यातून सुटली की चौथं आहे. मला काय कळतंय बाई, मला वाटलं तुम्हालाही काहीतरी दुखणं आहे. मी तुमच्या नावानं मेणबत्त्या लावल्या. पाच-सहा तरी लावल्या असतील."

"लागू पडल्या," मी म्हटलं.

म्हणजे तुम्हा दोघांनाच नव्हे, सगळ्या गावाला माहीत होतं. हे मला नवं होतं. पण त्या वेळी मला राग आला नाही. तिनं माझ्या तिसऱ्या प्रकरणासाठी मेणबत्त्या लावाव्यात, हे मला कुठे ठेवावं कळेना. मी गव्हावरची चादर ओढली आणि झोपायला गेले.

शनिवारी हवा स्वच्छ होती. आम्ही आठ-दहा जण होतो, बहुतेक बायका. वाइनची बाटली, स्वच्छ टॉवेल आणि पेटी मी बरोबर नेली होती. पेटी साधी आहे, त्याला कोरीवकाम आवडत नसे. पापालाझारोसनी प्रार्थना म्हटली. लियाकोस खणत होता आणि आम्ही बायका बोलत उभ्या होतो, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या दाताचं. मग फावडं लाकडाला लागलं आणि सगळ्या काठाशी आल्या.

लियाकोसनं फळी थोडी उचलली. बघितलं. परत ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "अजून नाही झालं."

मी म्हटलं, "मला बघायचंय."

पापालाझारोस म्हणाले, "नको, एवांथिया."

"मी बघणार आहे," मी म्हटलं आणि बघितलं. ताई, तुम्हाला सांभाळून घेणारं लिहिणार नाही असं म्हटलं होतं, म्हणून लिहिते: भयंकर काही नव्हतं. त्याचा निळा कोट होता तसा होता. चेहरा मी ओळखला असता, एवढंच. तो झोपेतून उठायला तयार नसायचा तेव्हा दिसायचा तसा काहीसा. मी फळी स्वतः खाली ठेवली.

पाठीमागं कुजबुज सुरू झाली होती. कोंदिलो म्हणाली, "बाई, तुम्ही एवढं शिकलात. सांगा, माणूस सुटत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे माती चिकण आहे आणि औषधं फार झाली."

"ते असेलच," ती म्हणाली. "पण तरी."

त्या 'पण तरी'वर मला एरवी पुष्कळ बोलता आलं असतं. पापालाझारोसनी पुस्तकाचं पान उलटलं आणि म्हणाले की चला, आता प्रत्येकानं म्हणायचं. मग ते एकेक पुढं आले. मूठभर माती, आणि माफी. लियाकोस म्हणाला, "पत्त्यांत लबाडी करायचास, माझ्याकडून माफ." कोंदिलोनं आधी सगळ्यांना सांगितलं की त्यानं तिच्या क्विन्सच्या झाडाची फांदी न विचारता तोडली होती आणि ते झाड अजून एका बाजूला वाकलंय, मग तिनं माफ केलं. कुणी त्याला शेताच्या बांधाचं माफ केलं, कुणी लग्नाला न आल्याचं. एक म्हातारी म्हणाली, "मला काही आठवत नाही, पण माफ." हसू येत होतं, ताई. थडग्याच्या काठावर सगळ्यांना हसू येत होतं, आणि ते हसत होते, आणि माझी पाळी आली.

मी माती उचलली. शब्द माहीत होता. त्या शब्दावर माझं अख्खं चौथं प्रकरण आहे. तो तोंडातून येईना. पापालाझारोस थांबले. ते थांबतात, हा त्यांचा गुण आहे.

मग मी त्याला म्हटलं, "तू मला सांगायला हवं होतंस."

मी पुढं म्हटलं, "तू दुसऱ्याच्या घरी ओकत होतास आणि मी खूश होते. तू मला खूश ठेवलंस. ते मला नको होतं." हे मी मोठ्यानं बोलले, वर्गात बोलावं तसं, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल असं. सबंध गावानं ऐकलं. माझ्याविषयी आता काय बोललं जाईल ते बोललं जाईल. एवढं झाल्यावर तो शब्द आला, आणि अगदी साधा आला. "माझ्याकडून माफ," म्हटलं आणि माती टाकली.

तुमच्या वतीनंही टाकली. तुम्ही त्याचं काय माफ करणार होतात ते मला माहीत नाही, म्हणून नुसतंच नाव घेतलं.

लियाकोसनं माती परत ओढली. नंतर त्याच्या कॅफेत कॉफी आणि ब्रँडी झाली, मी दोन टोस्ट खाल्ले. जागेचं विचारलं तर पापालाझारोस म्हणाले की जागेचं आम्ही बघू, दोन वर्षं तरी आता त्याला हलवायचं नाही. वाइनची बाटली तुमच्या कपाटात ठेवली आहे.

रविवारी परत आले आणि सोमवारी उपसंहार लिहायला बसले. फ्रोसो परतली होती, ती रोज यायची, तिला बसू दिलं. ती विणत बसायची, मी लिहीत बसायचे. ती सुईच्या टोकानं दात कोरते, तेवढा एक त्रास सोडला तर तिचा त्रास झाला नाही. पार्थेनिओसचं कोडं इतकं अवघड नव्हतं. मी सगळी वर्षं असं धरून चालले होते की ती माफी मेलेल्यासाठी आहे, आणि मग मेलेल्याला शाप नसेल तर ती निरर्थक ठरते. तो उभ्या असलेल्यांना बोलायला लावत होता. त्यांना दुसरी जागा नव्हती जिथं हे बोलता आलं असतं. म्हणून तो त्यांची समजूत खोडतो आणि त्यांचं तोंड बंद करत नाही. एकदा हे दिसल्यावर त्याच्या प्रवचनांत ते चार ठिकाणी निघालं. मी ती पानं कितीदा वाचली असतील.

देलीवासीसनं वाचून फोन केला. "बाई, हा मुद्दा तुम्हाला कुठल्या हस्तलिखितात मिळाला?"

"गावात."

"म्हणजे कुठल्या संग्रहात? तळटीप द्यावी लागेल."

"पार्थेनिओसच्या चार जागा दिल्यात. बाकीच्याला तळटीप नाही."

"परीक्षक सोडणार नाहीत, बाई."

"नाही सोडलं तर नाही. त्यांना मी उत्तर देईन." मग तो म्हणाला, "हे तिसऱ्या प्रकरणापेक्षाही चांगलं झालंय." या वेळी मी त्याला थँक यू म्हटलं. बिचारा घाबरला.

प्रबंध मुदतीत दिला. सात परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा फेब्रुवारीत आहे. टेबल रिकामं आहे आणि मला ते बघवत नाही, म्हणून त्यावर तुमचे अक्रोड पसरून ठेवलेत.

मला वाटलं होतं की पुरा केल्यावर तुमचं दोघांचं बरोबर ठरेल. तसं काही झालं नाही. तुम्ही चुकलात ते चुकलातच, आणि प्रबंध झाला तो झालाच. दोन्ही एकाच घरात राहू शकतात असं दिसतं.

आता तुमच्या पत्राचं उत्तर. 'एवांथिया, तो म्हणाला म्हणून मी गप्प राहिले, पण मलाही तसंच वाटत होतं. तू कधी माफ करशील का?' एवढंच तुम्ही लिहिलंय, आणि अक्षर इतकं हललंय की ते वाचायला पार्थेनिओसचा सराव कामाला आला.

मी त्याला माफ केलं. तुम्हाला केलेलं नाही. थडग्यापाशी मी ते तुम्हालाही उद्देशून म्हणू शकले असते, सगळे म्हणतच होते, पण म्हटलं नाही. पत्रातूनही म्हणणार नाही. ही गोष्ट पत्रातून करायची नसते, समोर उभं राहून करायची असते, तशी रीतच आहे.

दोन वर्षांनी त्याला पुन्हा काढायचंय. त्याला स्वतःच्या हातानं धुवायचं तुमच्या मनात होतं. आता ते होऊ शकतं. तुम्ही या. खुबा दोन वर्षांत बसतो, मी इथल्या डॉक्टरला विचारलंय. एका बाजूनं तुम्ही धरा, एका बाजूनं मी धरते, आणि धुऊन झाल्यावर विचारा. तिथं सांगेन. त्याआधी तुम्हाला काही झालं तर तुम्ही माफीशिवाय जाल, हे लक्षात ठेवा आणि डॉक्टर सांगतील तसं वागा.

तुमची, आणि तुमच्यावर अजून रागावलेली,
एवांथिया